पडद्याचे माप

शिवलेली चोळी एकाच अंगाला बसते. साडी मात्र नेसणारीच्या बांध्याप्रमाणे निऱ्या घेते. सुरतकरांना हे सांगावयास नकोच. संकेतस्थळे मात्र दीर्घकाळ चोळीसारखीच बेतली गेली: आधी ६४०, पुढे ८००, मग १०२४ पिक्सेल रुंदीच्या पडद्यासाठी. २०१० साली ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने सुचविले, की रुंदी प्रमाणात मोजावी, चित्रे लवचीक ठेवावीत आणि पडदा पाहून मांडणी बदलावी. आपल्या मंडळाचे वधूवरसूचीचे पान अद्याप जुन्याच मापाचे आहे. लिंबायतकडील आईबाप ते मोबाइलवर उघडतात, तेव्हा मुलीचे नाव, वय, उंची दिसते. शिक्षणाचा रकाना पडद्याबाहेर राहतो.