‘मुळात’ कसा? : स्वभावचर्चेतील एक सोयीस्कर गफलत

पौर्वात्य तत्त्वज्ञान माणसाला मुळात चांगला मानते आणि पाश्चात्त्य विचार त्याला पापी ठरवतो, हे समीकरण आपल्या विद्यापीठीय समीक्षेत इतके रुळले आहे की त्याची उलटतपासणी कोणी करीत नाही. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवरील प्रबंधांतही ‘माणसाच्या मूलभूत चांगुलपणावरील श्रद्धा’ शेवटच्या प्रकरणात हमखास उगवते.

वस्तुतः हा वाद आपण ज्या स्वरूपात मांडतो त्या स्वरूपात तो चिनी आहे. मेन्सियसने मनुष्यस्वभाव सत्प्रवृत्त मानला, श्युन्त्सने दुष्ट. पण दोघेही सर्वच माणसांविषयी बोलत होते. रस्त्यावरचा कोणीही माणूस प्रयत्नाने यू राजासारखा थोर होऊ शकतो, असे म्हणणारा हा ‘निराशावादी’ श्युन्त्सच! गीतेच्या अठराव्या अध्यायातील ‘स्वभाव’ या जातीचा नाही. तो वर्णागणिक वेगळा आहे आणि कर्मांची वाटणी त्यावरून होते. (सांख्यांचा निर्गुण पुरुष येथे मदतीला येत नाही; बरेवाईट तेथे प्रकृतीच्या गुणांत असते.)

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे तर्कशास्त्र केवळ विलायतेहून आलेले नव्हते. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा युक्तिवाद आपल्या जातिव्यवसायांकडे बोट दाखवूनच केला गेला. १९५२ साली कायदा रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) मूलभूत चांगुलपणा शोधणारा समीक्षक नकळत त्या कायद्याचाच प्रश्न विचारतो : हा मुळात कसा? त्या पुस्तकाची लढाई या ‘मुळात’शीच आहे. चोरी तेथे मारझोड करून शिकवली जाते. जे शिकवावे लागते तो स्वभाव कसा?

पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेला होळी ते पाडव्याच्या काळात भटक्यांचा मेळा भरतो. तेथे भरत आलेल्या जातपंचायतींचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. पंचायतींचे दंड आणि वाळीत टाकणे क्रूर होते, म्हणूनच २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तरीही पंचायत निदान ‘काय केलेस?’ असे विचारी, आणि दंड भरणारा जातीत परत येऊ शके. १८७१ चा कायदा कोणाच्या पोटी जन्मलास एवढेच विचारीत होता.

याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातील वाकडेपणा जावा एवढेच मागणे आहे. जो जाऊ शकतो तो स्वभाव नव्हे. परंतु हे पसायदान ज्या अध्यायाच्या शेवटी येते, त्याच अठराव्या अध्यायात वर्णांच्या स्वभावजन्य कर्मांचेही निरूपण आहे. आपले समीक्षक शेवटच्या ओव्या उद्धृत करतात आणि मधल्या गाळतात.