मिशनच्या घरातील चूल कोणत्या भाषेत लिहावी?

मराठी गद्याचा इतिहास शिकविताना मिशनऱ्यांना वगळून पुढे जाता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, ही सनावळ आपण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ती उतरवून घेतात. या सनावळीत मिशनरी दोनच रूपांत भेटतो. एक तर शाळा, छापखाना आणि व्याकरण घेऊन आलेला विद्वान. नाही तर माणसे बाटविणारा परका. त्याच्या घरी स्वयंपाक कोण करी, त्याची मुले कोणत्या भाषेत भांडत, आजारपणात शेजारी येत की नाही, हे प्रश्न वाङ्मयाचे मानलेच जात नाहीत. ते वाङ्मयाचेच आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

परमुलखात राहणाऱ्या मिशनरी कुटुंबाच्या रोजच्या जगण्याविषयीचे लेखन हा एक जुना आणि चिवट प्रकार आहे. त्याचा वाचक मायदेशी असतो, आणि बहुतेक वेळा तो वर्गणीदारही असतो. म्हणून त्यात उन्हाळा, साप, ताप, स्थानिकांचा भाबडेपणा आणि अखेरीस कार्याची प्रगती असा क्रम ठरून गेलेला दिसतो. बोटी जाऊन विमाने आली तरी हा प्रकार फारसा बदलला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या संस्थांनी लहान विमाने दुर्गम भागांत नेली. नवरा विमान चालवतो आणि बायको घरातील रेडिओपाशी बसून त्याच्या उतरण्याची वाट पाहते, हे या नव्या संसाराचे चित्र झाले. जानेवारी १९५६ मध्ये इक्वेडोरच्या अरण्यात वैमानिक नेट सेंट आणि त्यांचे चार सहकारी वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मारले गेले. मृतांपैकी एकाच्या पत्नीने, एलिझाबेथ एलियट यांनी, १९५७ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि त्या पाच घरांचे दुःख जगाला ठाऊक झाले. त्याच दिवशी वाओरानींच्या घरांत काय घडले असेल, ही बाजू पुढे येण्यास मात्र फार काळ जावा लागला. दुःख दोन्हीकडे होते. लेखणी एकाच बाजूला होती.

हाच प्रश्न आमच्या जालन्यापाशी येतो तेव्हा अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथील मिशनच्या इतिहासातील ठळक पुरुष परदेशी नव्हताच. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला, पुढे ते पाळक झाले आणि निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे येऊन राहिलेल्यांत मातंग समाजातील कुटुंबे पुष्कळ होती. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि गावकुसाबाहेरून आलेली माणसे एका नव्या गावात शेजारी म्हणून नांदली, ही एकोणिसाव्या शतकातील मराठवाड्यात लहान गोष्ट नव्हती. पण या गावासाठी आधार मिळवायचा तर शेषाद्रींना समुद्र ओलांडावा लागे. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, ते इंग्रजीत. १८९१ साली त्यांचा मृत्यूही प्रवासात, बोटीवरच झाला. बेथेलची हकीकत जगाला कळली ती प्रामुख्याने अहवालांच्या इंग्रजीतून. जेथे बोलणे, रडणे आणि प्रार्थना मराठीत होत होती, त्या गावाचे कागद दुसऱ्या भाषेत बोलत राहिले.

शेषाद्रींच्याच कुटुंबातील एक प्रकरण वाङ्मयेतिहासात नोंदले गेले आहे. नारायण यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगा मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपण हे प्रकरण सुधारणावादाचा एक टप्पा म्हणून शिकवितो. पण वादाचे मूळ कोठे होते? मुलाचा बाप्तिस्मा तर झालेलाच नव्हता. तो मिशनऱ्याच्या घरी राहिला होता, तेथे जेवला होता. अवघी मुंबई ढवळून निघाली ती धर्मतत्त्वावरून नव्हे, तर एका घरातल्या ताटावरून. घर वगळून हे प्रकरण समजूच शकत नाही.

म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे पुन्हा वळावेसे वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी सांभाळली. त्यांची जातीची कल्पना गळून पडली ती प्रवचन ऐकून नव्हे, पाण्याचा घोट आणि भाताचा घास यांचा रोज विचार करता करता. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यातील विनोदाचे आणि साध्या भाषेचे कौतुक आपण दरवर्षी करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. मिशनशी बांधलेल्या एका संसाराची हकीकत येथे वर्गणीदारांसाठी लिहिलेली नाही. ती शेजारणीला सांगावी तशी, त्याच मुलखाच्या भाषेत सांगितलेली आहे. येथे टिळक संत नाहीत, साहेब देवदूत नाहीत, आणि सांगणारी बाई कोणाची कृतज्ञ लाभार्थीही नाही. या लेखनप्रकारात असे पुस्तक विरळा.

यावर आक्षेप येईल की, अशा वाचनाने धर्मांतरामागचे सत्ताकारण झाकले जाईल. आम्हांला उलट वाटते. पगार कोणाच्या हातात होता, बंगल्याच्या ओसरीवर कोणी बसायचे आणि पायरीवर कोणी, गोऱ्या पाळकाचे अंगण व देशी पाळकाची खोली यांत किती अंतर होते, हे सत्ताकारण घरातच सर्वांत स्पष्ट दिसते. ठरावांत ते दिसत नाही.

आमच्या वर्गांत मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांतील मुले-मुलीही बसतात. अभ्यासक्रमात त्यांचे पूर्वज भेटतात ते ‘धर्मांतर’ या प्रकरणात, आणि तेथेच संपतात. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी चूल पेटविली, जुन्या चालींवर नवी भजने म्हटली, लेकींची लग्ने केली, याची नोंद साहित्याच्या कोणत्याच शाखेने घेतलेली नाही. एम. ए. च्या प्रकल्पांसाठी त्याच चार कादंबऱ्यांवर पुन्हा लिहिण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थिनीने जालन्यातील जुन्या मंडळीत जाऊन आज्यांना बोलते करावे. त्यांचे पाठांतर, त्यांची नाताळची पंगत, पाळकाच्या घराविषयी आईकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. इंग्रजी अहवाल दप्तरांत सुरक्षित आहेत. ते आणखी शंभर वर्षे वाट पाहतील. या आज्या पाहणार नाहीत.