दिवा चाकाजवळ विझतो, मॉड्यूलजवळ नाही

ब्रेक पॅड आणि डिस्क बदलून गाडी खाली उतरते, पॅडल घट्ट लागते, ट्रायलही होते; पण डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएस दिवा जात नाही. पुढचा क्रम गॅरेजवाल्यांना पाठच असतो. स्कॅनर लावून कोड पुसायचा, परत आला की चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलायचा, तरीही राहिला की एबीएसचे मॉड्यूल गेल्याचे सांगायचे. या क्रमाचा खर्च ग्राहकाच्या माथी बसतो आणि दोष बहुतेक वेळा जिथे होता तिथेच राहतो.

एप्रिल २०१९ पासून देशात सर्व नव्या प्रवासी कारना आणि १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे हे काम आता शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरपुरते उरलेले नाही. तालुक्याच्या गॅरेजातही ते रोज येते, आणि तिथल्या मेकॅनिकने ते अंदाजावर सोडू नये.

दिवा ब्रेकच्या कामानंतर लागला असेल, तर आधी त्याच कामाची जागा पाहावी. कॅलिपर काढून होजवर लोंबकळत ठेवला, तर शेजारून गेलेली सेन्सरची वायरही ताणली जाते. वरचे आवरण शाबूत दिसते, आतली तार मात्र तुटलेली असते. सरळ चाकावर सगळे ठीक वाटते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की दिवा लागतो. कपलर अर्धवट बसणे, वायर क्लिपमधून सुटून टायरला घासणे, हब काढताना सेन्सरच्या टोकाला हातोडी लागणे, हेही नेहमीचेच.

दिवा कधी लागतो, यावरून निम्मा शोध लागतो. इग्निशन चालू केल्यावर काही सेकंदांनी विझायला हवा तो दिवा गाडी जागेवर असतानाच तसाच राहिला, तर तुटलेली वायर, शॉर्ट, फ्यूज असा विद्युत दोष आधी तपासावा. सुरुवातीला विझून गाडीने थोडा वेग घेतल्यावर लागला, तर संशय सिग्नलवर जातो: सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या रिंगमधले अंतर, तडकलेली रिंग, नाहीतर बेअरिंग. मात्र काही गाड्यांत दुरुस्तीनंतरही थोडे अंतर चालवल्याशिवाय दिवा विझत नाही. ट्रायल न घेता दुसरा पार्ट मागवण्याची घाई म्हणून नको.

सेन्सर ज्या बैठकीवर बसतो तिथला गंज हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. गंजाचा पापुद्रा सेन्सरला वर उचलतो, अंतर वाढते आणि जुन्या इंडक्टिव्ह प्रकारात कमी वेगाला सिग्नल क्षीण होतो. अमेरिकेत २००५ मध्ये जनरल मोटर्सने १९९९ ते २००२ च्या सुमारे ८ लाख पिकअप आणि एसयूव्ही याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या त्या गाड्या. गाडी थांबत आली की चाक लॉक झाल्याचा गैरसमज होऊन एबीएस विनाकारण चालू होई आणि थांबायला जास्त अंतर लागे. कोकण किनाऱ्यावर मीठ हवेतच असते. तिथे डिस्क बदलताना सेन्सर जपून काढून बैठक स्वच्छ करणे हा कामाचा भागच मानला पाहिजे.

बेअरिंग बदलले असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा: ते उलटे तर बसले नाही ना? आजच्या अनेक बेअरिंगमध्ये दात्यांच्या रिंगऐवजी एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय एन्कोडर असतो. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या. एन्कोडर सेन्सरकडे नसेल तर नवा सेन्सर टाकूनही सिग्नल येणार नाही. चुंबकीय पट्टे दाखवणारे कार्ड बेअरिंग दाबण्याआधी सीलवर धरले की शंका तिथेच फिटते.

कोडमध्ये एखाद्या चाकाचे नाव आले म्हणजे सेन्सर खराब, असेही नाही. ‘सी ००३५’ सारखा कोड बऱ्याच गाड्यांत एका पुढच्या चाकाच्या पूर्ण सर्किटकडे बोट दाखवतो. त्यात वायर आणि कपलरही आले. इंडक्टिव्ह सेन्सरचा रोध मोजता येतो आणि चाक हाताने फिरवून एसी व्होल्टेज पाहता येते. पुरवठ्यावर चालणाऱ्या ॲक्टिव्ह सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये. त्याला पुरवठा पोहोचतो का ते पाहावे आणि लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग शेजारी ठेवून गाडी सरळ चालवावी. ज्या चाकाचा आकडा अडखळतो तिथे वायर हलवून बघावी. मॉड्यूलचा विचार हे सगळे झाल्यावर, आणि त्याचा पुरवठा व अर्थिंग तपासल्यावरच.

कोड पुसून किंवा दिव्यावर पट्टी चिकटवून गाडी देणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक सहसा चालतात, चाक लॉक होण्यापासूनचे संरक्षण मात्र जाते. सोबत लाल ब्रेक दिवाही असेल तर आधी ब्रेक ऑइलची पातळी आणि हँडब्रेकचा स्विच पाहावा. ते ठीक असतील, तर मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडीही बंद असू शकते आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडीची शेपटी फिरू शकते. अशी गाडी दुरुस्त झाल्याशिवाय गॅरेजबाहेर सोडू नये, आणि कारण जॉबकार्डावर लिहून मालकाला दाखवावे.