घरातील ठेवा, राष्ट्राचा ठेवा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात दाखल झाली, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद स्वाभाविक होता. मात्र ती कायमची परतली नव्हती. तीन वर्षांच्या कराराने उसनी आली होती. ती साहेबाच्या देशात गेली कशी, हे त्या आनंदात फारसे कोणी विचारले नाही. वाघनखांच्या पेटीवरील मजकुरानुसार, साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून भेट मिळाली. पुढे डफच्या वंशजांनी ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. म्हणजे मराठी मुलखातून ही वस्तू बाहेर गेली ती भेट म्हणून, आणि संग्रहालयात पोहोचली तीही भेट म्हणूनच.

त्याच पेटीवर, या नखांनी शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले, असेही लिहिले आहे. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ही नखे प्रतापगडावरचीच आहेत का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे आणि लंडनचे संग्रहालयही तशी ग्वाही देत नाही. देणाऱ्याने वस्तू दिली, पण तिच्यासोबत विश्वासार्ह नोंद आली नाही. दोनशे वर्षांनंतरही त्या उणिवेची किंमत मोजावी लागत आहे.

परदेशी गेलेल्या ठेव्याबद्दल हळहळणे सोपे असते. घरातल्या माळ्यावर काय पडले आहे, हे पाहणे मात्र जमत नाही. पुण्यातील एका माणसाने ते आयुष्यभर केले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचे वेड लागले आणि पत्नी कमलाबाई त्या वेडात बरोबरीने सहभागी झाल्या. राजा हा त्यांचा मुलगा बालवयातच गेला. शुक्रवार पेठेतील 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे त्या मुलाचे स्मारक आहे. पुत्रवियोगाचे दुःख या दांपत्याने समाजाच्या स्मृतीला वाहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

केळकरांची दृष्टी राजेरजवाड्यांच्या रत्नांवर नव्हती. त्यांनी जमवले ते अडकित्ते, वज्र्या, समया, लामणदिवे, दौती, कुलपे, करंडे, वाद्ये आणि कोरीव दरवाजे. पाय घासण्याच्या वज्रीवर मोर किंवा हत्ती घडवणारा तांबट आणि सुपारी कातरण्याच्या अडकित्त्याला युगुलाचा आकार देणारा लोहार इतिहासाच्या पुस्तकात नावानिशी येत नाहीत. त्यांची कला टिकली ती अशा संग्रहामुळे. हिंदू गृहस्थाच्या दिनचर्येत सौंदर्य किती सहज मिसळलेले होते, याचा इतका बोलका पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल. कोथरूडचा मस्तानी महाल नामशेष होण्याआधी त्याचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संसार त्यांनी अखेरीस महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला असता तर सात पिढ्यांची ददात मिटली असती.

इतरत्रही हीच कथा आढळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा कलाविभाग समृद्ध झाला तो सर रतन टाटा यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराबजी टाटा यांचा १९३३ मध्ये भेट मिळाल्यामुळे. काशीत राय कृष्णदास यांनी आपले सर्वस्व 'भारत कला भवना'त ओतले आणि १९५० मध्ये ते हिंदू विश्वविद्यालयाचा भाग झाले. सरकारी तिजोरीतून विकत घेऊन संग्रहालय मोठे करावे म्हटले, तर लिलावाच्या बाजारात हात पोळतात. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणताना महाराष्ट्र शासनाला सुमारे ४७ लाख रुपये मोजावे लागले. खर्च योग्यच होता. पण अशा किती तलवारी विकत घेता येतील?

दुसरीकडे गावोगावचे वाडे पडत आहेत. पुणे, नाशिक, वाई, सातारा, कुठेही जावे; पुनर्विकासाचा करार झाला की आठ दिवसांत घर रिकामे करायचे असते. पितळी समया मोडीत जातात, कोरीव तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत, मोडी कागदांची गाठोडी रद्दीत. नव्या सदनिकेत आजोबांच्या तसबिरीलाही भिंत उरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठी गावोगाव वणवण करीत फिरले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे खंडामागून खंड सिद्ध झाले. १९१० मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही घराघरांतली दप्तरे एकत्र यावीत म्हणून. राजवाड्यांना दारातून हाकलणारी घरे तेव्हाही होती. आज हाकलायलाही कोणी उरलेले नाही, कारण वारस परगावी आणि किल्ली दलालाच्या हाती.

म्हणून देण्याची वेळ आताची आहे, आणि देतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. वस्तू घराची आहे की देवस्थानाची, हे आधी पाहावे. देवळातील मूर्ती, प्रभावळ, पालखी ही कोणा एका पुजाऱ्याची किंवा पाटलाची मालमत्ता नव्हे. भाऊबंदांची संमती लेखी असावी. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तूत मोडते; नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याकडे सोपवताना तसे कळवावे लागते. आणि वस्तूबरोबर तिची हकीकत द्यावी. ही गंजिफा कोणाच्या घरातली, हा लामणदिवा कोणत्या गावच्या कारागिराचा, हे चित्र कोणत्या लग्नात आले, हे सांगणारी आजी अजून घरात आहे. ती गेल्यावर समई केवळ पितळेच्या वजनाची उरते. दालनाला आमच्या घराण्याचेच नाव द्या, सारे एकाच कपाटात मांडा, अशा अटी घालणाऱ्याचे दान संग्रहालयाला भारच होते. दान हे दानासारखेच द्यावे.

जबाबदारी अर्थात एका बाजूची नाही. केळकर संग्रहालयात एकावेळी मांडलेल्या वस्तू सुमारे अडीच हजार. बाकीचा संग्रह जागेअभावी कोठीत. कोठीतल्या वस्तूला वाळवी, दमट हवा आणि विस्मरण हे तीन शत्रू असतात. दात्याला पोच मिळावी, वस्तूला नोंदवहीत क्रमांक पडावा, तिचे छायाचित्र निघावे आणि अभ्यासकाने मागितली तर ती तासाभरात सापडावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जिल्ह्याच्या संग्रहालयात प्रशिक्षित अभिरक्षक नसेल, तर तिथे आजोबांचा संग्रह नेऊन देण्यास कोण धजावेल? केंद्र सरकारनेही एक गोष्ट मनावर घ्यावी. प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळते ती पैशाच्या देणगीला. वस्तुरूप दानाला नाही. लाख रुपयांचा धनादेश देणाऱ्याला सूट, आणि कित्येक लाखांचे चित्र राष्ट्राला देणाऱ्याला केवळ आभाराचे पत्र! अमेरिकेतील संग्रहालये भरभरून वाढली, त्यात तेथील करकायद्याचा वाटा मोठा आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली जाते. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिच्यातील वस्तूंची एक यादी करावी, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकीपुढे दोन ओळी लिहाव्यात, आणि ती यादी जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहास मंडळाला पाठवावी.