वेग तोच, तरीही नवा डेक सरस

हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलची सुधारित आवृत्ती आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फास्ट किती झाला? व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीम डेकची ओलेड आवृत्ती आणली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर होतं, जवळपास तेवढाच. अनेकांची निराशा झाली. पण कंपनीचा हा निर्णय योग्यच होता.

मूळ डेक 2022 चा. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि तक्रारीही भरपूर केल्या. जड गेम लावला की दोन तासांत बॅटरी मान टाकते, पंखा घरघरतो, स्क्रीन फिकी दिसते. ओलेड आवृत्तीने नेमकी हीच दुखणी हाताळली. बॅटरी 40 वॅट-तासांवरून 50 वर गेली, चिप 7 नॅनोमीटरऐवजी 6 नॅनोमीटरची आल्याने वीज कमी लागू लागली, पंखा मोठा झाला आणि तरीही वजन 669 ग्रॅमवरून 640 वर उतरलं.

खरा फरक दिसतो तो स्क्रीनवर. ‘हॉलो नाइट’सारखा गेम घ्या. त्यातला निम्माअधिक प्रवास अंधाऱ्या गुहांतून होतो. जुन्या डेकच्या एलसीडी स्क्रीनमागे दिवा सतत जळत असल्याने तिथला अंधार राखाडी दिसायचा. ओलेडमध्ये काळा भाग खरोखर विझलेला असतो. आकार 7 वरून 7.4 इंचांचा झाला, तोही यंत्राची लांबी-रुंदी न वाढवता, फक्त कडेची काळी पट्टी बारीक करून. सेकंदाला 60 ऐवजी 90 फ्रेम दाखवायची सोय आली, पण तिचा उपयोग हलक्या गेमपुरता. ‘सायबरपंक 2077’ इथेही तिशी-चाळिशीच्या आसपासच घुटमळतो.

मग चिपची ताकद का वाढवली नाही? डेकसाठी गेम बनवणाऱ्यांसमोर एकच मोजमाप राहावं म्हणून. जुना डेक घेतलेल्या ग्राहकाचा गेम दीड वर्षात अडखळू लागला नाही, हे त्याच धोरणाचं फळ. ग्राहकाचा असा मान फार थोड्या कंपन्या राखतात.

निन्टेन्डोने 2021 मध्ये स्विचची ओलेड आवृत्ती काढली, तिच्याशी तुलना करावी. स्क्रीन सुंदर, स्टँड भक्कम, किंमत 50 डॉलरनी जास्त. पण काठी आपोआप सरकण्याच्या ज्या दोषाबद्दल कंपनीच्या अध्यक्षांनी 2020 मध्ये माफी मागितली होती, तो दोष असलेले जॉय-कॉन कंट्रोलर मुळात तसेच राहिले. लोक ज्याने त्रासले होते, ते सोडून बाकीचं सजवणं याला सुधारणा म्हणणं जड जातं. व्हॉल्व्हने उलट केलं, शिवाय किंमतही उतरवली: 512 जीबीचा जुना डेक 649 डॉलरना होता, तेवढीच साठवण असलेला ओलेड 549 ला दिला.

ज्याच्याकडे जुना डेक नीट चालतो आहे, त्याने खिशात हात घालायची गरज नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र ओलेडच घ्यावा. भारतात व्हॉल्व्ह हा डेक अधिकृतपणे विकत नाही. मुंबई-पुण्यातला ग्राहक तो आयात करणाऱ्यांकडून चढ्या भावाने घेतो आणि कंपनीच्या वॉरंटीवर पाणी सोडतो. म्हणूनच त्याच्या दृष्टीने जाहिरातीत मागे पडलेला एक बदल सगळ्यात मोलाचा आहे. मागच्या झाकणाचे स्क्रू आता प्लास्टिकऐवजी धातूत बसतात, त्यामुळे चारदा उघडलं तरी आटे झिजत नाहीत, आणि बिघडलेला भाग घरच्या टेबलावरही बदलता येतो.