हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा : चार्टर कंपन्यांच्या जुन्या जम्बो विमानांचे काय झाले?

१/ २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक ७४७ विमान मुंबईहून अखेरचे उडाले. वैमानिकाने पंख डोलावून शहराचा निरोप घेतला आणि आपल्यापैकी अनेकांनी ते चित्रण ‘आकाशाची राणी निघाली’ असे लिहून पुढे धाडले. त्या हळहळीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यातून जो अर्धवट इतिहास रूढ होतो, त्याबद्दल मात्र आहे. हा धागा उरलेल्या अर्ध्याविषयी.

२/ रूढ कथा अशी : ९ फेब्रुवारी १९६९ ला पहिले उड्डाण, २२ जानेवारी १९७० ला पॅन अ‍ॅमची न्यूयॉर्क–लंडन सेवा, मग देशोदेशींच्या राष्ट्रीय कंपन्यांचे वैभव, शेवटी काटकसरी दोन-इंजिनी विमाने आली आणि राणी निवृत्त झाली. मित्रहो, ही वंशावळ झाली, इतिहास नव्हे. पहिल्या मालकाने विकल्यानंतरही ही विमाने वर्षानुवर्षे उडत होती. ती कोणाकडे गेली आणि त्यांत कोण बसले, हे या कथेत येतच नाही.

३/ त्यांतली पुष्कळ चार्टर कंपन्यांकडे गेली. चार्टर म्हणजे वेळापत्रकानुसार एकेक तिकीट विकणे नव्हे, तर अख्खे विमान भाड्याने देणे. भाडेकरू कोण? सहल कंपन्या, सरकारे, सैन्यदले, यात्रेकरूंच्या संस्था. नवे जम्बो विकत घेण्याची अशा कंपन्यांची ऐपत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे विमान घ्यायचे, त्यात जास्तीत जास्त आसने बसवायची आणि कमीत कमी दरात माणसे न्यायची, हा त्यांचा धंदा.

४/ ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘टॉवर एअर’चे. १९८३ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या या कंपनीचा ताफा जवळजवळ संपूर्णपणे वापरलेल्या ७४७ विमानांचा होता. न्यूयॉर्क–तेल अवीव हा तिचा स्वस्त प्रवासाचा मुख्य मार्ग, शिवाय लष्करी चार्टर. ऑगस्ट १९९० मध्ये आखाती संकटात अमेरिकेने नागरी विमानांचा राखीव ताफा इतिहासात प्रथमच पाचारण केला, तेव्हा टॉवरच्या विमानांनीही सैनिक वाहून नेले. ‘राणी’च्या कथेत या सैनिकांना व यात्रेकरूंना जागा नाही.

५/ विमानाचे मूळ ओळखण्याची एक खूण सांगतो. बोईंग त्या काळी प्रत्येक ग्राहकाला एक दोन आकडी संकेतांक देत असे : पॅन अ‍ॅम २१, लुफ्तान्झा ३०, ब्रिटनची बीओएसी ३६, एअर इंडिया ३७. म्हणून आपले पहिले जम्बो ‘सम्राट अशोक’ हे ७४७-२३७. विमान पुढे कितीही वेळा विकले गेले, रंग आणि नाव बदलले, तरी हा आकडा बदलत नसे. एखाद्या चार्टर कंपनीच्या तळावर उभ्या विमानांचे संकेतांक नुसते वाचत गेलात, तरी साऱ्या जगाचा हवाई इतिहास समोर उभा राही.

६/ आता नेहमीचा आरोप : ‘ती म्हातारी, धोकादायक विमाने होती. मोडीत निघाली हेच बरे.’ विमानाचे वय नुसत्या वर्षांत मोजत नाहीत. प्रत्येक उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब एकदा वाढतो आणि एकदा उतरतो. पत्र्याला थकवा येतो तो या चक्रांमुळे. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चे छत आकाशात उडाले, तेव्हा ते विमान १९ वर्षांचे होते. पण हवाई बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याची सुमारे ९० हजार चक्रे झाली होती. समुद्र ओलांडणाऱ्या जम्बोचे एक चक्र आठ-दहा तासांचे. म्हणून तेवढ्याच वर्षांत त्याची चक्रे कितीतरी कमी भरत.

७/ टॉवरचाच मोठा अपघात पाहा. २० डिसेंबर १९९५, न्यूयॉर्क, बर्फाने निसरडी झालेली धावपट्टी. मायामीला निघालेले ७४७-१३६, म्हणजे मूळचे ब्रिटिश विमान, धावपट्टीवरून भरकटले. विमान कायमचे निकामी झाले, पण आतले सर्व ४६८ जण वाचले. चौकशीत ठपका आला तो पुढच्या चाकाच्या सुकाणूचा अतिरेकी वापर आणि उड्डाण वेळीच न थांबवणे यांवर. विमानाच्या वयावर नव्हे.

८/ उलट, खरोखर जुन्या जखमेने मेलेले जम्बो कोणाचे होते? चायना एअरलाइन्सचे, म्हणजे तैवानच्या प्रतिष्ठित राष्ट्रीय कंपनीचे. १९८० मध्ये उतरताना त्याची शेपटी जमिनीला घासली. दुरुस्ती नियमाप्रमाणे झाली नाही. चिरा २२ वर्षे वाढत राहिल्या आणि २५ मे २००२ रोजी ते हवेतच फुटले. २२५ जण गेले. हेच विमान त्यानंतर थायलंडच्या एका छोट्या कंपनीला विकले जाणार होते. सौदा आधी पार पडला असता, तर आपण दोष कोणाच्या माथी मारला असता, याचा विचार करा.

९/ चार्टर कंपन्यांना मी पावन करून घेत नाही. जुलै १९९१ मध्ये कॅनडाच्या नेशनएअर या चार्टर कंपनीचे डीसी-८ जेद्दाहून नायजेरियाचे यात्रेकरू घेऊन निघाले. चाकांतील हवा कमी असल्याचे तळावर ठाऊक होते, तरी वेळापत्रकाच्या दडपणाखाली विमान सोडले गेले. टायर पेटले आणि २६१ माणसे मृत्युमुखी पडली. हा गुन्हाच होता. पण तो घडला देखभालीतील कुचराईमुळे, विमान जुने होते म्हणून नव्हे. जुने विमान नीट सांभाळले तर उडते. नवे विमानही हेळसांडीने पडते.

१०/ मग या विमानांना मारले कोणी? हिशेबाच्या वहीने. ठरावीक वर्षांनी मोठ्या विमानाची संपूर्ण तपासणी करावी लागते. आसने, भिंती, फरशी सारे उतरवून सांगाडा उघडा करतात. तिचा खर्च जेव्हा विमानाच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो, तेव्हा मालक तपासणी करत नाही. विमान कॅलिफोर्नियातील मोहावे किंवा न्यू मेक्सिकोतील रॉसवेल अशा कोरड्या हवेच्या तळावर जाते आणि तिथे त्याचे भाग विकले जातात. सर्वांत मोल चार इंजिनांना. अंगात उड्डाणे शिल्लक असलेले विमानही त्यांच्यासाठी मोडले जाई.

११/ ‘हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. जम्बो हे नावच मुळी एका हत्तीचे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने तो १८८२ मध्ये अमेरिकन सर्कसवाले बार्नम यांना विकला. १८८५ मध्ये कॅनडात आगगाडीच्या धडकेने तो मेला, तेव्हा बार्नम यांनी कातड्यात पेंढा भरून एक हत्ती केला, सांगाड्याचा दुसरा, आणि दोन्ही तिकीट लावून दाखवले. नावाबरोबर नशीबही वारशाने आले म्हणायचे.

१२/ टॉवर एअरने २९ फेब्रुवारी २००० रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि काही आठवड्यांतच तिची प्रवासी उड्डाणे थांबली. तिच्या जुन्या जम्बोंपैकी कित्येक मोडीतच निघाले. कोणी पंख डोलावले नाहीत, कोणी चित्रण पाठवले नाही.

१३/ याहून विदारक गोष्ट मलेशियाची. डिसेंबर २०१५ मध्ये क्वालालंपूर विमानतळाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : तीन ७४७-२०० विमाने इथे उभी आहेत, मालकाने १४ दिवसांत न्यावीत, अन्यथा विकून टाकू. ती पूर्वी ‘एअर अटलांटा आइसलँडिक’ या भाड्याने विमाने देणाऱ्या कंपनीने चालवली होती. जगाने ती बातमी विनोद म्हणून वाचली. अवाढव्य विमान बेवारस पडते ते त्याचे मागचे-पुढचे कागद सांधणारा कोणी उरत नाही म्हणून, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

१४/ काही वाचली, तीही योगायोगाने. स्वीडनची चार्टर कंपनी ट्रान्सजेट २००२ मध्ये बुडाली आणि तिचे एक ७४७ स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर अडकून पडले. १९७६ मध्ये सिंगापूर एअरलाइन्ससाठी बांधलेले हे विमान मधल्या काळात पॅन अ‍ॅमकडेही होते. २००९ मध्ये त्याचे वसतिगृह झाले. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एव्हरग्रीन कंपनीचे ७४७ जलक्रीडागृहाच्या छतावर बसवले आहे. काही घसरगुंड्या त्याच्या पोटातूनच सुरू होतात.

१५/ आता संग्रहालये पाहा. सिअ‍ॅटलला पहिलेवहिले ७४७, पॅरिसजवळ ल बूर्जे इथे एअर फ्रान्सचे, जर्मनीत श्पायरला लुफ्तान्झाचे, ऑस्ट्रेलियात लाँगरीचला क्वांटासचे. एकतर ज्येष्ठ राजपुत्र, नाहीतर राष्ट्रध्वजाचे वारस. चार्टरचा रंग ल्यायलेल्या विमानाच्या वाट्याला घसरगुंडी किंवा करवत. जतन कशाचे करायचे हा निर्णय म्हणजेच इतिहास कोणाचा लिहायचा हा निर्णय.

१६/ आक्षेप येईल : ‘प्रत्येक भंगार जपायचे काय?’ मुळीच नाही. सत्तर मीटर लांबीचे विमान सांभाळणे कोणाला झेपेल? माझी मागणी धातूची नाही, कागदांची आहे. इंजिनातील फिरत्या चकत्यांना आयुष्याची ठरलेली मर्यादा असते आणि त्यांच्या जन्मापासूनच्या नोंदी नसतील, तर तो भाग बाजारात कवडीमोल ठरतो. म्हणजे भंगाराच्या व्यापाऱ्याला एका चकतीचे पूर्ण चरित्र हवे असते. अख्ख्या विमानाचे चरित्र मात्र आम्हा इतिहासप्रेमींना नको असते. विमान सुटे झाले की दप्तरही भागांबरोबर दहा दिशांना जाते, आणि कोणत्या वर्षी कोणती माणसे कुठून कुठे गेली, हे सांगणारा पुरावा फुटतो.

१७/ मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते मुख्यतः जुन्या घरांत पडून असलेल्या दप्तरांसाठी. रोजकीर्द, ताळेबंद, देण्याघेण्याच्या यादी, असल्या नीरस कागदांतून मराठी समाज कळतो, हे आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो. तोच धडा विसाव्या शतकाला लावताना आपण पुन्हा राजा-राणीच्या गोष्टींवर का येतो?

१८/ आणि राणीचीच भाषा हवी असेल, तर शेवटही ऐका. १,५७४ विमानांच्या या घराण्यातले शेवटचे अपत्य ३१ जानेवारी २०२३ रोजी सुपूर्द झाले. कोणाला? कोणत्याही राष्ट्रीय कंपनीला नव्हे, तर मालवाहतूक आणि चार्टर करणाऱ्या ‘अ‍ॅटलास एअर’ला. ज्यांना आपण अडगळ समजलो, त्यांच्याच दारात ही वंशावळ संपली.

१९/ म्हणून पुढच्या वेळी जम्बोवर लिहाल तेव्हा पहिल्या मालकापाशी थांबू नका. संकेतांक पाहा, दुसरा आणि तिसरा मालक शोधा, त्यात बसलेल्या माणसांचा माग काढा. मुंबईच्या सांताक्रूझ–कालिना भागात ७४७ च्या इंजिनांत हात काळे केलेले निवृत्त तंत्रज्ञ अजून आहेत. कोणाच्या घरी यात्रेचे, नोकरीच्या पहिल्या प्रवासाचे तिकीट असेल, कोणाच्या कपाटात देखभालीची जुनी वही. त्यांच्याकडे जा, विचारा, तारीख घालून लिहून ठेवा. चित्रण पुढे धाडायला अर्धे मिनिट लागते. या कामाला रविवार द्यावे लागतील. ते द्या.