आठ रुपयांचा हिशेब



दरवर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारचा अर्थसंकल्प येतो, मार्चमध्ये राज्याचा. दिवसभर टीव्हीवर चर्चा चालते. आयकर किती वाचला, मोबाईल स्वस्त झाला का, गाडी महाग झाली का. आपण सोन्याचा भाव तेवढा ऐकतो आणि कुकर लावायला उठतो. पण या सगळ्या कोटींच्या आकड्यांत एक लहानसा आकडा आहे. तो अर्थमंत्र्यांपेक्षा रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला जास्त कळेल. तो आकडा आहे आठ रुपये.

अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला तिथून पूरक आहार मिळतो. त्यासाठी सरकारने एका मुलामागे दिवसाला आठ रुपये धरले आहेत, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. तीव्र कुपोषित मूल असेल तर बारा रुपये. हा दर 2017 साली ठरला आणि 2025 साल उजाडले तरी आठाचे नऊ झाले नव्हते.

ज्या मैत्रिणी घरखर्चाची वही ठेवतात त्यांनी 2017 ची पाने काढून बघावीत. तेल, डाळ, शेंगदाणे, गूळ, दूध, गॅस. मग यंदाचे पान शेजारी ठेवावे. आपल्या घरात या वर्षांत खर्चाचा आकडा वाढला, पण पोरांच्या ताटातली वाटी कमी केली नाही. सरकारी वहीत आकडा तोच राहिला. मग ताटातले काहीतरी कमी झालेच असणार. हे समजायला पदवी लागत नाही.

आहार वर्षातून 300 दिवस द्यायचा असतो. म्हणजे एका मुलामागे वर्षाला 2,400 रुपये. आपल्यापैकी किती जणींच्या घरी एका वाढदिवसाच्या केकवर आणि सजावटीवर एवढे जातात, ते प्रत्येकीने आपल्यापुरते बघावे. मी टोमणा मारत नाही. आकडा किती लहान आहे तेवढेच सांगते.

कुणी म्हणेल, सरकारकडे पैसा नाही. पण शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा दर बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे साहित्याचा दर ऑक्टोबर 2022 मध्ये 5 रुपये 45 पैसे होता. डिसेंबर 2024 पासून तो 6 रुपये 19 पैसे झाला आणि मे 2025 पासून 6 रुपये 78 पैसे. तांदूळ वेगळा मिळतो. वाढ उशिरा झाली, थोडी झाली, पण झाली. महागाईचा निर्देशांक बघून दर वाढवता येतो हे सरकारला ठाऊक आहे. मग तेच अंगणवाडीच्या मुलाला का नाही? शाळेतले मूल निदान सहा वर्षांचे होऊन आलेले असते. अंग आणि डोके घडण्याची खरी वर्षे त्याच्या आधीची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या 35 मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. आधीच्या पाहणीतही आकडा जवळपास एवढाच होता.

दुसरी गोष्ट जमाखर्चाची. मी कॉमर्सची. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की अंदाज वेगळा आणि खर्च वेगळा. सरकारच्या अर्थसंकल्पात तीन रकाने असतात. पहिला तरतुदीचा, दुसरा सुधारित अंदाजाचा आणि तिसरा प्रत्यक्ष खर्चाचा. वर्तमानपत्रात मथळा होतो पहिल्या रकान्याचा. मुलाच्या ताटात येतो तिसरा रकाना. केंद्राच्या शालेय पोषण योजनेसाठी 2023-24 साली तरतूद होती 11,600 कोटींची. सुधारित अंदाजात ती 10,000 कोटी झाली. प्रत्यक्ष खर्च साडेआठ हजार कोटींच्या आसपास झाला.

हा फरक कुणी खाल्ला असे मी म्हणत नाही. केंद्राचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले नाही तर पुढचा हप्ता अडकतो. खाली शाळेत मात्र जेवण रोज शिजवावे लागते. बिल थकले की वाण्याची उधारी वाढते, आणि आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायका आधी भाजी कमी करतात, मग तेल. कागदावर सगळे ठीक असते, कढईत पाणी जास्त असते.

आपल्या मंदिरात असे चालेल का? एखाद्याने अभिषेकासाठी दिलेला पैसा फरशीला वापरला तर वार्षिक सभेत किती जण उभे राहतात! ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले पाहिजे, नाहीतर ते निर्माल्य खाण्याचे पाप, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पूजेच्या सवालाची बोललेली रक्कम जमा झाली का, हेही आपण विचारतो. मग पोरांच्या नावाने मंजूर झालेला पैसा पोरांपर्यंत पोचला का, हे विचारायला आपण का संकोचतो?

आता जरा नाजूक विषय. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेत आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरवले. त्यावर शाकाहारी मंडळींच्या हरकती आल्या, आपल्या समाजातूनही आल्या. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांसाठी आणि गोड पदार्थांच्या साखरेसाठी वेगळा पैसा देणे बंद केले. शाळांना सांगितले की लोकसहभागातून करा. आपल्यातल्या काही जणींना बरे वाटले. मला वाटले नाही.

माझ्या घरात अंडे येत नाही आणि येणारही नाही. पण माझे व्रत माझ्या ताटाचे आहे. ज्या घरात अंडे खातात, आणि ज्या घरात ते परवडत नाही म्हणूनच मिळत नाही, त्या मुलाच्या ताटावर माझा अधिकार नाही. आणि ज्यांना तो अधिकार आहे असे वाटते त्यांनी निदान पुढचे वाक्य तरी बोलायला हवे होते. अंडे नको, तर दूध द्या, शेंगदाण्याची चिक्की द्या, केळे द्या, आणि त्याला पैसे धरा. ते कुणी बोलले नाही. अंडे गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. एका जिवाची हिंसा टाळली म्हणताना दुसरा जीव उपाशी राहिला, तर ती कसली अहिंसा?

हिशेब बघा. शंभर मुलांची शाळा, आठवड्याला एक केळे, पाच रुपये धरले, वर्षाचे चाळीस आठवडे. होतात 20,000 रुपये. यापेक्षा मोठे सवाल आपल्याकडे एका सकाळी होतात.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग आपणच देऊ की. द्या, जरूर द्या. चार दानांत आहारदान आहेच. पण याबाबत मला लक्ष्मीबाई आठवतात. कर्मवीर भाऊराव पाटील आपलेच. कुंभोजला जन्मले, 1919 साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला नेली. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण सभांत सांगतो आणि डोळे पुसतो. पण दागिने एकदाच विकता येतात, भूक रोज लागते. दुसऱ्या लक्ष्मीबाईला मंगळसूत्र विकावे लागू नये, यासाठीच तर अर्थसंकल्प असतो. दान हे देणाऱ्याच्या मनावर असते. अर्थसंकल्पातला पैसा मुलाच्या हक्काचा असतो. आपण केळी वाटली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. उलट लोक देतातच म्हणून सरकारने हात काढून घेतला, तर आपल्या दानाने मुलाचे नुकसानच केले.

सांगली-साताऱ्याकडच्या आपल्या बऱ्याच घरांची शेती उसाची आहे. दिवाळीच्या सुमारास तोडीला टोळ्या येतात, बीडकडून येतात, आपल्याच जत आणि माण-खटावकडूनही येतात. फडाजवळ कोप्या पडतात. आई-बाप पहाटे उसात जातात आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळत बसते. त्या धाकट्याचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत असते आणि मूल असते वाळव्यात किंवा कराडात. ज्या चार-पाच महिन्यांत त्याला आहाराची सर्वांत जास्त गरज, तेव्हा त्याचे आठ रुपयेही त्याच्यापाशी नसतात. खरे तर मूल जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत त्याचे नाव घालता येते. कुणीतरी सेविकाताईंना कोपीपर्यंत नेऊन आणायला हवे एवढेच. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे. गाळपाच्या उसावर टनाला 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले आहे. आपल्या उसाच्या टनांवरचा हा पैसा. त्यातले कोपीवरच्या पोरांपर्यंत काय पोचले, हे कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारायचा सभासदाला हक्क आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर शेअर आहे. सभेला मात्र घरातले पुरुष जातात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. दान चालू ठेवूया, पण हिशेब मागायलाही शिकूया. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी हे 10 टक्के किती झाले? कशावर खर्च झाले? आणि त्यातून अंगणवाडीच्या ताटात काय वाढले? समजा पंचायतीचे उत्पन्न 15 लाख आहे, तर दीड लाख या कामाचे. अंगणवाडीत 50 मुले असतील, तर रोज चार रुपये जास्त दिले तरी 300 दिवसांचे 60,000 होतात. आठाचे बारा गावातच होतील. शहरातल्या मैत्रिणींनी महापालिकेच्या महिला व बालकल्याण समितीचा खर्च विचारावा. आणि आमदार-खासदार पंचकल्याणकाला येतात, स्टेजवर सत्कार घेतात, तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर एक अर्जही द्यावा: अंगणवाडीचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा.

काही जणी म्हणतील, हे राजकारण झाले, आपल्याला नको. मला नाही तसे वाटत. मुनी महाराजांच्या आहारासाठी चौका लावताना आपण दाणा न्‌ दाणा शोधतो, पाणी गाळतो, सोळ्यात वावरतो, कारण दुसऱ्याच्या मुखात जाणारा घास चोख असला पाहिजे. तोच नेमकेपणा गावातल्या गरीब पोराच्या घासासाठी लावायचा आहे. तिथे गहू निवडायचे नाहीत, आकडे निवडायचे आहेत. तेही आपल्याला जमते.

पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा. एकटीला जायला संकोच वाटला तर मंडळातल्या चौघीजणी मिळून जा. आणि काय उत्तर मिळाले ते मला जरूर कळवा.